पाव फेरा बाकी असताना

श्री. शिवराम देवरे, म्हणजे आम्हा सगळ्यांचे देवरेसाहेब, आमच्या नाशिकरोडच्या खोलीच्या दारात उभे राहिले तेव्हा दसऱ्याची सकाळ होती. त्यांच्या बुटांवर घाटातली लाल धूळ होती आणि खांद्याला कापडी पिशवी. समुद्रकाठच्या ज्या अणुवीजकेंद्रात मी नुकताच लागलो होतो, तिथे ते मोठ्या हुद्द्यावर आहेत एवढंच मला ठाऊक होतं. केंद्राचं नाव लिहायचं नाही अशी आम्हाला शिकवण आहे, म्हणून लिहीत नाही. छोटं होतं, जुनं होतं, आणि त्र्यंबक-जव्हारच्या वाटेने एस.टी.ने गेलं की संध्याकाळपर्यंत पोचता यायचं, इतकं सांगितलं तर चालेल.

"रघुनाथ इथेच राहतात का?" त्यांनी विचारलं. मला तोवर कोणी 'राहतात' म्हटलं नव्हतं.

आई म्हणाली, "या ना. आधी सोनं घ्या, मग काय ते बोला."

साहेबांनी बूट काढले, आपट्याचं पान दोन्ही हातांनी घेतलं, आईला वाकून नमस्कार केला. मग पिशवीतून एक डबा काढला. डब्यातून टिकटिक येत होती. खोलीत ती सावकाश होती, पण डबा देवघराकडे नेला तशी लाह्या फुटाव्यात तशी तडतड सुरू झाली. देवापुढे माझ्या वडिलांचा पाना होता, हळदकुंकू लावलेला, वर झेंडूचं फूल.

आता त्या पान्याचं सांगायला हवं. वडील फिटर होते. ते गेल्यावर मी नववीतून शाळा सोडली आणि बरीच भटकंती केली. द्राक्षबागांवर फवारे मारले, छापखान्यात शाई लावली, एका ट्रकबरोबर इंदूरला गेलो तो ट्रक परत आला तरी मी आलो नाही. शेवटी केंद्रात मदतनीस म्हणून लागलो तेव्हा वडिलांचा पाना बरोबर घेऊन गेलो, कारण स्टोअरमधले पाने घसरतात. चार महिने त्याच पान्याने आत काम केलं. खंडेनवमी आली. ज्याच्या जिवावर पोट भरतं ते हत्यार नवमीला देवापुढे ठेवायचं, हे आमच्याकडे कोणी शिकवावं लागत नाही. आतलं हत्यार बाहेर न्यायचं नाही असा काहीतरी नियम होता खरा. पण हा पाना तर आमचाच होता! मी तो कुंपणाच्या जाळीतून बाहेर गवतात टाकला, सुटी झाल्यावर उचलला आणि घरी आणला.

आतल्या हत्यारांना एक धूळ लागते. ती दिसत नाही, तिला वास नाही, आणि तिच्यातून किरणं निघत राहतात. साहेबांचं काम त्या धुळीवर लक्ष ठेवण्याचं. हत्यारांच्या मोजणीत त्यांना कोणीतरी माझ्या पान्याची आठवण करून दिली, आणि सणासुदीचं घरदार सोडून ते रात्रीच्याच एस.टी.त बसले.

"आई," साहेब म्हणाले, "ह्या पान्याला आमच्याकडची धूळ लागलीय. मला तो न्यावा लागेल."

"पूजेतला? मांडलेली पूजा उचलायची?" आईचा आवाज चढला. "साहेब असाल तुमच्या कारखान्यात."

साहेब मांडी घालून देवापुढे बसले. हात जोडून बराच वेळ बसले. काय म्हणाले ते ऐकू आलं नाही. मग आईकडे वळून म्हणाले, "मी विचारलं. आता तुम्ही हो म्हणा."

आईने मान डोलावली. त्यांनी पाना, फूल, हळदकुंकवाची वाटी आणि खालचा पाट सगळं पिशवीत बांधलं. मग आईचे हात डब्यापुढे धरायला लावले. बोटांवर थोडी तडतड होती. तांब्याने स्वतः पाणी घालत त्यांनी तिचे हात धुतले, साबण लावून पुन्हा धुतले, ते पाणीही दुसऱ्या एका डब्यात भरून घेतलं. माझ्या आईच्या हातावर कोणी पाणी घालतंय, हे मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं. टिकटिक सावकाश झाली तेव्हा ते म्हणाले, "झालं. काही भीती नाही. आता चहा टाका."

माझी नोकरी गेली असं मी धरून चाललो होतो. इंदूरचा रस्ता मला माहीत होताच. पण साहेबांनी वर लिहून पाठवलं की दारावरची पाटी इंग्रजीत आहे, हा कामगार मराठी वाचतो, तेव्हा चूक पाटीची. पुढच्या आठवड्यात दारावर नवी पाटी लागली. अक्षर त्यांचंच होतं, थोडं डावीकडे झुकलेलं: 'इथून काहीही घरी नेऊ नये. स्वतःचं असलं तरी. देवासाठी असलं तरी.'

त्या दिवसापासून मी त्यांच्या हाताखाली आलो आणि तिथेच राहिलो. एका जागी इतका मी कुठेच राहिलेलो नाही.

गौरवग्रंथाच्या समितीने सांगितलं आहे की साहेबांच्या कार्याविषयी लिहा. त्यांच्या कामाचं शास्त्र लिहिणारे विद्वान या ग्रंथात आहेत. मला आठवतो तो केंद्राचा आवाज. दूर कोणीतरी जात्यावर बसलंय आणि ओवी विसरून नुसतं जातं ओढतंय, तसा तो दिवसभर यायचा. आठ दिवसांनी तो ऐकू येईनासा व्हायचा आणि सुटीत नाशिकला आलं की कानात मोकळं मोकळं वाटायचं. केंद्रातून कोमट पाणी समुद्रात जायचं, तिथे मासे गोळा व्हायचे, माशांवर बगळे. मी तासन्‌तास ते बघत राही. साहेब मागून येत आणि म्हणत, "रघू, कोठे शे तू?" साहेब सटाण्याकडचे. ऑफिसात स्वच्छ पुणेरी बोलत, पण माणूस हरवलेला दिसला की त्यांची अहिराणी बाहेर येई. "कोठे शे" म्हणजे कुठे आहेस. मीही त्यांच्याच बोलीत म्हणायचो, "आठेच शे, साहेब." इथेच आहे. ते खरं नसायचं.

बॅज ही आमच्याकडची मोठी गोष्ट. आत जाणाऱ्या प्रत्येकाच्या छातीवर एक लहान फिल्म लावलेली असते. किरणं लागली की ती काळवंडते. महिन्याला ती तपासतात आणि तुमच्या वाट्याचं किती झालं ते लिहून ठेवतात. वर्षाचा वाटा असतो, सगळ्या जन्माचाही असतो. वाटा संपला की आत जायचं नाही. काही शहाणे लोक काम पुरं व्हावं म्हणून बॅज बाहेर खुंटीला लावून आत जात. बॅज पांढराच राहायचा, माणूस मात्र आत जाऊन आलेला असायचा. साहेबांना या एका गोष्टीचा जितका संताप येई तितका चोरीचाही येत नसे. "बॅजला फसवता येतं," ते म्हणत, "हाडांना कसं फसवणार?"

त्यांचा स्वतःचा वाटा लवकर संपला. केंद्र नवं असताना कुठे गळती झाली की दुसऱ्याला पाठवायच्या आधी ते स्वतः जात. असं करत करत एक दिवस डॉक्टरांनी त्यांना दार बंद केलं. ज्या केंद्राचा पाया खणताना ते हजर होते, त्याच्या आतल्या खोल्यांत आता त्यांना आयुष्यभर पाऊल टाकता येणार नव्हतं. त्यांनी टेबल-खुर्ची घेतली आणि आम्हाला शिकवू लागले. कुरकुर कधी ऐकली नाही. फक्त दुपारी जेवण झालं की ते दारापर्यंत चालत जात, पाटीपाशी थांबत आणि परत येत. आम्ही तिकडे बघत नसू.

ऐंशीच्या दशकातली चार-पाच वर्षं उलटल्यावर केंद्र बंद करायचं ठरलं. नळ्यांना तडे जात होते आणि दुरुस्त करायला माणसांचे वाटे फार खर्ची पडले असते. अणुवीजकेंद्र दिव्यासारखं बटण दाबून बंद होत नाही, हे मला तेव्हा कळलं. इंधन काढायचं, पाणी काढायचं, एकेक खोली धुवायची, मिटायची. दीड वर्ष ते काम चाललं. एकेक यंत्र थांबत गेलं तसा तो जात्याचा आवाज बारीक होत गेला, आणि एका दुपारी नव्हताच. कॅन्टीनमध्ये सगळे हळू आवाजात बोलू लागले.

शेवटचं काम एका लहान खोलीतलं होतं. तिथला एक व्हॉल्व हाताने कायमचा बंद करायचा, की मग दाराला कुलूप. खोलीत प्रत्येकाला आठवड्याला चार मिनिटं. व्हॉल्व एका जाड नळीमागे भिंतीला लागून, असा की तिथे डावा हातच पोचतो. साहेब डावखुरे. त्यांना दार बंद होईपर्यंत तो त्यांनीच उघडला आणि लावला होता. आता टोळीत डावखुरा म्हणजे मी एकटा.

आमच्या टोळीत मालेगावचे वेल्डर रशीदभाई होते. ते म्हणाले, "साहेब, ह्याला पाठवू नका. हा चार मिनिटांत तिथला रंग बघेल, भिंत बघेल, आणि व्हॉल्व बघायला पाचवं मिनिट मागेल."

सगळे हसले. मी पण हसलो, कारण ते खरं होतं.

साहेब म्हणाले, "कागदावरचा नकाशा डोळ्यांना कळतो. पायांना कळायला वेगळं काही पाहिजे." आणि वरून लेखी परवानगी काढून त्यांनी आम्हा पाच जणांना नाशिकला आपल्या घरी बोलावलं.

पितृपक्ष चालू होता. त्या पंधरवड्यात लग्नं नसतात, त्यामुळे त्यांच्या घराजवळचं मंगल कार्यालय रिकामं पडलेलं. सकाळी आम्ही गेलो तर सुमनकाकू, म्हणजे साहेबांच्या पत्नी, हॉलच्या मधोमध ओणव्या होऊन रांगोळी काढत होत्या. साहेब हातात दोरी घेऊन मापं सांगत होते. ती खोली होती, अगदी खऱ्या मापाची. पांढऱ्या भिंती, निळ्या नळ्या, आणि जिथे किरणं जास्त तिथे लाल. काकूंनी सवयीने एका कोपऱ्यात गोपद्म काढलं होतं. साहेब म्हणाले, "हे तिथे नाही." काकू म्हणाल्या, "असू द्या. माझ्याकडून." ते राहिलं.

कार्यालयाचे मॅनेजर डोकावले. "साहेब, ही कसली रांगोळी म्हणायची?"

"घर आहे एक. ते बंद करायचंय."

"म्हणजे वास्तुशांतीच्या उलटं काहीतरी?"

"तसंच समजा."

"मग ब्राह्मण सांगायचा का?"

"ब्राह्मण नको. रघू आहे," रशीदभाई म्हणाले.

नियम साधा होता. दारातून आत जायचं, लाल टाळून वळसा घेऊन कोपऱ्यात पोचायचं, तिथे स्टुलाला बांधलेला एक जुना व्हॉल्व डाव्या हाताने बारा फेरे फिरवायचा आणि परत यायचं. पावलाने रेघ पुसली की तुम्ही संपलात. काकू कमरेला पदर खोचून बसलेल्या, रेघ पुसली की परत भरायच्या. पहिल्या दिवशी माझ्यापायी त्यांनी नऊ वेळा रांगोळी भरली. हॉलच्या झरोक्यात पारवे बसलेले. एक पारवा उडाला की माझी मान वर आणि पाय लालवर.

"गेला!" रशीदभाई ओरडत. "ह्याच्या तेराव्याला जेवायला या रे."

साहेब ओरडत नसत. माझी नजर वर गेली की ते खुर्चीतून विचारत, "रघू, कोठे शे?"

"आठेच शे."

"आठे नाही, तू पारव्यापाशी शे. ये परत."

दहा दिवस असं चाललं. झरोक्यातलं ऊन सरकत सरकत रांगोळीवर यायचं आणि ती अणुभट्टीची खोली पाण्यात बुडालेल्या देवळासारखी दिसायची. हळूहळू माझ्या पायांना ती खोली पाठ झाली. रात्री झोपताना, रस्त्यावर चालताना, त्र्यंबकच्या गाडीत उभं असतानाही माझे पाय आपोआप वळसा घ्यायचे. शेवटच्या दिवशी साडेतीन मिनिटांत मी जाऊन आलो आणि रांगोळीचा कणही हलला नाही. काकूंनी माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला. डाव्या हातावर. आमच्या घरी त्या हातावर प्रसाद मागितला की चापट बसायची.

तो दिवस उजाडला. केंद्रात वरून मोठे अधिकारी आले होते. हार आणलेले, फोटोग्राफर आणलेला. व्हॉल्व बंद झाला की कुलूप लावताना फोटो काढायचा, असा कार्यक्रम. साहेबांच्या नोकरीतलं ते शेवटचं मोठं काम होतं. त्यांनी स्वतः माझा पोशाख चढवला, बॅज लावला, तो सरळ केला. आतल्या कर्ण्यातून त्यांचा आवाज मला ऐकू येणार होता.

मी आत गेलो. आवाज कसलाच नव्हता. जमीन करडी होती, पण मला काकूंची लाल रेघ दिसत होती, शपथेवर सांगतो. भिंतीच्या हिरव्या रंगाचे पोपडे सुटले होते. एका खिळ्याला कोणीतरी कधीकाळी तारेचा फास करून ठेवलेला. तो कोणी केला असेल, कशासाठी...

"रघू, कोठे शे?"

"आठेच शे, साहेब." या खेपेला खरोखरच होतो.

व्हॉल्वला हात घातला. फिरला, पण जड. स्टुलावरचा तेलपाणी केलेला होता, हा वर्षानुवर्षं एकाच जागी बसलेला. आठ फेरे, दहा, अकरा. अंगातून पाण्याच्या धारा. बारावा पाऊण झाला आणि कर्ण्यातून आवाज आला, "वेळ झाली. बाहेर ये."

"साहेब, पाव फेरा राहिला."

"राहू दे. ये."

"नुसता पाव..."

"रघुनाथ. बाहेर ये."

मी बाहेर आलो. तोंडावरचं काढलं तर समोर हार घेतलेले लोक. मला रडूच फुटायचं बाकी होतं. जन्मात एक काम पुरं करायला मिळालं होतं, त्यातही पाव फेरा मागे ठेवून आलो होतो.

मोठे अधिकारी म्हणाले, "देवरे, अर्ध्या मिनिटाचं काम आहे. परत पाठवा त्याला."

"सर, ह्या आठवड्यातलं त्याचं अर्धं मिनिट शिल्लक नाही." साहेबांनी सांगितलं की धोका काही नाही, अलीकडचा व्हॉल्व बंदच आहे. खोळंबलाय तो फक्त कार्यक्रम.

"मग तुम्ही जा. तुमचा हात सरावाचा आहे." ते हसून पुढे म्हणाले, "बॅज ठेवा इथे खुंटीला. आपलीच माणसं आहेत सगळी."

फोटोग्राफर भिंतीकडे बघू लागला, पहारेकरी बुटांकडे. आमची टोळीही दुसरीकडे बघू लागली, कारण साहेबांनी आत जावं असं आम्हा सगळ्यांना मनातून वाटत होतं. ज्याने ते घर उभं राहताना पाहिलं त्याच्याच हाताने ते मिटावं, यात कोणाचं काय जात होतं? साहेब दाराशी गेले. दाराला तळहात लावला. किती वेळ ते सांगता येणार नाही. त्यांचा डावा हात बॅजच्या चापापर्यंत गेलेला मी पाहिला.

मग त्यांनी तो खाली घेतला.

"मी आज हा इथे लावला," ते खुंटीकडे बघत म्हणाले, "तर उद्या ह्या सगळ्या पोरांचे इथे लागतील. पुढच्या सोमवारी बंद करू, सर."

हार परत गेले. साहेबांच्या नावावर दिरंगाईचा शेरा पडला असं म्हणतात. मी तो पाहिलेला नाही. या ग्रंथात त्यांचे पुष्कळ फोटो आहेत. कुलूप लावतानाचा नाही, त्याचं कारण हे आहे.

सोमवारी मी गेलो आणि तो पाव फेरा फिरवून आलो. बाहेर साहेब, रशीदभाई आणि पहारेकरी, एवढेच. साहेबांनी आधी माझ्या छातीवरच्या, लगेच आकडा दाखवणाऱ्या पेनासारख्या मापकावरचं मोजमाप पाहिलं, मग माझ्याकडे. मला वाटलं विचारतील, नीट बसला का?

त्यांनी विचारलं, "आत काय काय दिसलं?"

मग मी सांगत गेलो. पोपडे, तारेचा फास, नळीवरचा गंजाचा नकाशा, कोपऱ्यातला वाळलेला कोळी. कधी नव्हे ती माझी भिरभिरी नजर कोणाच्यातरी उपयोगी पडत होती. साहेब डोळे मिटून ऐकत होते. मी म्हणालो, व्हॉल्वखाली सिमेंटमध्ये एका अनवाणी पायाचा ठसा आहे, ओल्या सिमेंटवर कोणीतरी पाय दिलेला.

"डावा?" त्यांनी विचारलं.

"डावा."

"मना व्हई," ते म्हणाले, आणि लगेच स्वच्छ भाषेत, "माझा असेल."

रशीदभाईंनी कुलूप लावलं. आता हे दार कधी उघडायचं, असं मी विचारलं. साहेब म्हणाले, आतलं सगळं आपोआप निवत जातं, घाई करून चालत नाही. पन्नास वर्षं धर. तेव्हाची माणसं येतील आणि साध्या चपला घालून आत हिंडतील. त्यांच्यासाठी साहेब आता रोज सकाळी नाशिकच्या घरी बसून त्या खोल्यांची हकीकत लिहीत असतात, मराठीत. अधूनमधून मला बोलावतात आणि विचारतात, तो खिळा दाराच्या उजवीकडे की डावीकडे?

साहेब साठ वर्षांचे झाले. समितीने शेवटी शुभेच्छा लिहायला सांगितलं आहे. शंभर वर्षांच्या शुभेच्छा द्यायची रीत आहे, पण आमच्या साहेबांना शंभर पुरणार नाहीत, दहा वर्षं कमी पडतात. म्हणून आमच्या टोळीचं, माझ्या आईचं आणि सुमनकाकूंचं मागणं असं की त्यांना एकशे दहा वर्षं मिळावीत, पाय धड असावेत, डोळे स्वच्छ असावेत. ते दार निवलेलं असावं. छातीवर बॅज नसावा, कारण तेव्हा त्याची गरजच उरलेली नसेल. साहेबांनी चपला बाहेर काढाव्यात, आम्ही सगळ्यांनी मागे थांबावं, आणि त्यांनी एकट्याने आत जाऊन सिमेंटमधल्या त्या पावलावर आपलं पाऊल ठेवून पाहावं.

हवा तेवढा वेळ. बाहेरून त्यांना कोणी हाक मारणार नाही.